जठराची खिडकी

मुलांनो, घास तोंडात घातला, चावला आणि गिळला, की आपले काम संपले असे आपल्याला वाटते. पुढे त्या घासाचे काय होते, याची आपण सहसा चौकशी करीत नाही. परंतु दुपारी खाल्लेल्या भाकरीचे रक्तमांस कसे होते, हे एक मोठेच गूढ आहे. ते उकलण्यासाठी विद्वान शेकडो वर्षे धडपडत होते. कोणी म्हणत, जठर ही भट्टी असून तिच्या उष्णतेने अन्न शिजते. कोणी म्हणत, जात्यात धान्य दळावे तसे ते तेथे दळले जाते. कोणाच्या मते ते केवळ आंबत असे. पोटातील अग्नीची कल्पना आपल्याकडेही प्राचीन आहे. ‘जठराग्नी’ हा शब्द आपण आजही वापरतो. वाद असा रंगला होता, पण खरे काय ते पाहणार कोण? जिवंत माणसाच्या पोटात डोकावणार कसे?

ही अशक्य वाटणारी गोष्ट एका अपघाताने शक्य झाली.

उत्तर अमेरिकेतील ह्यूरन सरोवरात मॅकिनॅक नावाचे एक बेट आहे. त्या काळी तेथे जनावरांच्या मऊ केसाळ कातड्यांचा मोठा व्यापार चाले. उन्हाळा आला, की रानावनांतून फिरणारे शिकारी आणि होड्या वल्हवणारे नावाडी तेथे गोळा होत. ६ जून १८२२ रोजी तेथील एका दुकानात कोणाच्या तरी हातातील बंदूक अकस्मात उडाली. जवळच उभा असलेला अलेक्सिस सेंट मार्टिन नावाचा एक तरुण नावाडी धाडकन खाली कोसळला. छर्‍यांनी त्याच्या डाव्या कुशीत भगदाड पाडले होते. फासळ्या मोडल्या होत्या, जठर फाटले होते आणि सकाळी खाल्लेले अन्न जखमेतून बाहेर येत होते.

बेटावरील किल्ल्यात विल्यम बोमाँट नावाचे लष्करी डॉक्टर होते. ते धावत आले. हा तरुण दोन दिवसही जगणार नाही, असे त्यांना वाटले. तरीही त्यांनी उपचारांत कसूर केली नाही. अलेक्सिस वाचला. पुढे त्याला आधार देण्यास कोणी तयार होईना, तेव्हा डॉक्टरांनी त्याला आपल्या घरी आश्रय दिला. जखम भरून आली, पण एक नवल घडले. जठराची कड बाहेरच्या कातडीला चिकटून तेथे एक भोक कायमचे राहिले. आतील आवरणाचा एक पदर त्यावर पडद्यासारखा आला. हा पदर बोटाने आत सारला, की जठराचा आतला भाग स्पष्ट दिसे. जणू निसर्गाने पोटाला खिडकीच ठेवली होती!

डॉक्टरांच्या मनात जिज्ञासा जागी झाली. १ ऑगस्ट १८२५ रोजी दुपारी बारा वाजता त्यांनी मांसाचे निरनिराळे तुकडे, शिळा पाव आणि कोबीच्या चिरलेल्या फोडी रेशमी दोऱ्याला बांधल्या आणि त्या खिडकीतून आत सोडल्या. तासाभराने दोरा बाहेर काढून पाहतात, तो पाव व कोबी निम्मे विरघळलेले, पण मांस जसेच्या तसे! आणखी एका तासाने पाहिले, तेव्हा पाव, कोबी व काही मांसही दोऱ्यावरून नाहीसे झाले होते.

हा बदल कशाने झाला? डॉक्टरांनी जठरातून पाझरणारा रस काढून बाटलीत घेतला, त्यात मांसाचा तुकडा टाकला आणि ती बाटली शरीराइतक्याच उष्ण पाण्यात ठेवली. बाटलीतही मांस हळूहळू विरघळू लागले! तेथे भट्टी नव्हती आणि जातेही नव्हते. थंड ठेवलेल्या रसात मात्र अन्न विरघळेना. यावरून दोन गोष्टी निश्चित झाल्या. अन्न पचवणारी वस्तू म्हणजे जठररस होय, आणि शरीराची ऊब त्याला साहाय्य करते. बाटलीत जठरापेक्षा वेळ अधिक लागला. कारण जठराचे स्नायू अन्न सतत घुसळत असतात, बाटली ते काम करू शकत नाही. आणखी एक गोष्ट डॉक्टरांना दिसली. अलेक्सिस रागावलेला असला, की त्याचे पचन बिघडे. जेवताना चित्त शांत असावे, असे वडीलधारी मंडळी सांगतात, ते उगीच नव्हे!

आज आपल्याला याहून पुष्कळ अधिक माहिती आहे. पचनाला आरंभ तोंडातच होतो. भाकरीचा घास पुष्कळ वेळ चावत राहा. तो गोडसर लागू लागेल. लाळेमुळे भाकरीतील पिष्टाची शर्करा होऊ लागते, त्याची ही खूण आहे. तेथून घास सुमारे २५ सेंटिमीटर लांबीच्या अन्ननलिकेतून जठरात उतरतो. जठररसात हायड्रोक्लोरिक आम्ल असते, तसेच प्रथिनांचे विघटन करणारे पेप्सिन असते. पेप्सिनचा शोध थिओडोर श्वान या शास्त्रज्ञाने १८३६ साली लावला. एवढे तीव्र आम्ल जठरालाच का जाळीत नाही? कारण जठराच्या आतील बाजूस बुळबुळीत पदार्थाचा लेप असतो आणि तेथील पेशी सतत नव्याने निर्माण होत असतात.

जठरात अन्नाची पातळ लापशी होते आणि ती थोडी थोडी लहान आतड्यात जाते. तेथे यकृताकडून पित्तरस व स्वादुपिंडाकडून आणखी एक पाचकरस येऊन मिळतो. नावाने लहान असलेले हे आतडे सुमारे ६ मीटर लांब असते! त्याच्या आतल्या बाजूस मखमलीच्या लवेसारखे असंख्य सूक्ष्म उंचवटे असतात. ते अन्नातील सत्त्व शोषून घेतात. रक्त ते सत्त्व सर्व शरीरभर पोहोचवते. उरलेल्या भागातील बरेचसे पाणी मोठे आतडे शोषून घेते आणि निरुपयोगी भाग बाहेर टाकला जातो. पाहा, एकाही इंद्रियाचे काम दुसऱ्यावाचून पूर्ण होत नाही.

आता पुन्हा अलेक्सिसकडे वळू. या प्रयोगांची त्याला गोडी नव्हती. कधी त्याला उपाशी राहावे लागे, कधी पोटात दुखे, आणि एखाद्या वस्तूप्रमाणे आपल्याकडे पाहिले जाते याची त्याला लाज वाटे. एकदा तो न सांगताच कॅनडातील आपल्या घरी निघून गेला. काही वर्षांनी तो परत आला. १८३२ साली डॉक्टरांनी त्याच्याशी लेखी करार केला व वर्षाला दीडशे डॉलर देऊ केले. पण लिहितावाचता न येणाऱ्या त्या गरीब माणसाला ‘नाही’ म्हणण्याचे स्वातंत्र्य कितीसे होते? दोनशेहून अधिक प्रयोगांची हकिगत डॉक्टरांनी १८३३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. त्यांची कीर्ती झाली. १८३४ साली अलेक्सिस आपल्या गावी गेला, तो पुन्हा प्रयोगांसाठी आला नाही. तो १८८० पर्यंत जगला. म्हणजे अपघातानंतर तब्बल ५८ वर्षे! त्याचे जठर मिळावे अशी काही डॉक्टरांची इच्छा होती. पण घरच्यांनी त्याचा देह नेहमीपेक्षा पुष्कळ खोल पुरला, कोणाच्या हाती लागू नये म्हणून.

डॉक्टर बोमाँट दुष्ट नव्हते. त्यांनीच त्याचा जीव वाचवला होता. त्यांची चिकाटी आणि डोळ्यांनी पाहिल्यावाचून मत न बनवण्याची वृत्ती आपण अवश्य घ्यावी. पण ज्ञान कितीही मोठे असले, तरी ते ज्याच्या देहातून मिळते तो माणूस त्याहून लहान नसतो. म्हणूनच आज ज्याच्यावर प्रयोग करावयाचा, त्याला सर्व समजावून सांगून त्याची संमती घ्यावी लागते; आणि त्याला ‘नाही’ म्हणण्याचा पूर्ण अधिकार असतो.

ग्रंथावर नाव डॉक्टरांचे आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु मुलांनो, पचनाचा पाठ शिकताना त्या नावाड्याचेही स्मरण ठेवा. त्याने सोसले, म्हणून आपल्याला कळले.

स्वाध्याय

१. अन्नपचनाविषयी पूर्वी कोणकोणती मते प्रचलित होती?
२. बाटलीतील प्रयोगावरून कोणत्या गोष्टी सिद्ध झाल्या?
३. जठररस जठराला का जाळीत नाही?
४. ‘त्याने सोसले, म्हणून आपल्याला कळले.’ या वाक्याचा अर्थ आपल्या शब्दांत लिहा.
५. अलेक्सिसने प्रयोग सोडून जाणे योग्य होते का? दोन्ही बाजूंचा विचार करून आठ-दहा ओळी लिहा.