ओतून दिलेले दूध

इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरील विंडस्केल येथे अणुबाँबसाठी प्लुटोनियम तयार करणाऱ्या भट्टीला १९५७ च्या ऑक्टोबरात आग लागली. चिमणीच्या माथ्यावरील गाळण्यांमुळे बराच अनर्थ टळला. त्या बसविताना मात्र त्यांची थट्टाच झाली होती! तरीही किरणोत्सर्गी आयोडीन निसटले. ते ना दिसत होते, ना त्याचा वास येत होता. ते कुरणांवर उतरले, गाईंनी गवत खाल्ले आणि दुधात विष आले. बालकांच्या गळ्यातील अवटु ग्रंथी आयोडीन शोषून घेते. तेथे पुढे कर्करोगाचे भय. म्हणून सुमारे ५०० चौरस किलोमीटर प्रदेशातील दूध समुद्रात ओतण्यात आले. हे आयोडीन दर ८ दिवसांनी निम्मे होते. त्यामुळे काही आठवड्यांनी बंदी उठली.