हँडब्रेक ढिला लागतोय? आधी केबल आवळू नका



मागच्या मंगळवारी आपल्या संकलन केंद्राच्या उतारावर टोमॅटोचे क्रेट भरलेली एक पिकअप हँडब्रेक ओढलेला असतानाही मागे सरकली. मागे क्रेट उतरवणारी दोन पोरं उभी होती. एकाने दुसऱ्याला हाताला धरून ओढलं म्हणून निभावलं. गाडी भिंतीला टेकून थांबली. चालक म्हणाला, "चारच दिवस झाले मागचे लायनर नवे टाकून. हँडब्रेक ढिला वाटला म्हणून केबलपण आवळून घेतली."

घोळ तिथेच झाला. बहुतेक पिकअपला मागे ड्रम ब्रेक असतात आणि हँडब्रेकची केबल ड्रममधल्या त्याच लायनरला ढकलते. नवे लायनर बसवताना आतला ॲडजस्टर पूर्ण आत घ्यावा लागतो, नाहीतर ड्रम चढत नाही. तो परत बाहेर काढायचा राहिला की लायनर ड्रमपासून लांब राहतात. मग केबल कितीही ओढा, निम्मी ओढ ते अंतर भरण्यातच जाते. वरून केबल आवळली तर ड्रममधला लिव्हर कायम अर्धवट ओढलेला राहतो. लायनर घासतात, ड्रम तापतो, डिझेल जास्त लागतं आणि उतारावर गाडी थांबत नाही ती नाहीच.

म्हणून आधी चाक, मग केबल. गाडी सपाट जागी घ्या, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. मागची बाजू उचलून घोडीवर ठेवा. नुसत्या जॅकवर काम करू नका. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक खाली, केबलचा नट सैल. आता ॲडजस्टरचं दातेरी चाक एकेक दात फिरवा. चाक हाताने फिरवताना लायनर हलका घासल्याचा आवाज आला पाहिजे, पण चाक अडायला नको. अडलं तर एक-दोन दात मागे घ्या. दोन्ही बाजू सारख्या करा. मग ब्रेक पेडल दहा-पंधरा वेळा दाबा, म्हणजे लायनर मधोमध बसतात, आणि चाक पुन्हा फिरवून बघा. केबलचा नट सगळ्यात शेवटी. किती टक-टकला हँडब्रेक धरला पाहिजे ते गाडीच्या पुस्तिकेत असतं. खाली सोडल्यावर दोन्ही चाकं मोकळी फिरली पाहिजेत.

एवढं करूनही धरत नसेल तर ड्रम पुन्हा उघडा. लायनरला ग्रीस किंवा ब्रेक ऑईल लागलंय का बघा. तेलकट लायनर घासून-पुसून चालवू नका, बदला. आणि तेल कुठून गळतंय ते आधी शोधा. डाव्या-उजव्या बाजूचे ॲडजस्टर अदलाबदल झाले तरी हाच त्रास होतो, कारण त्यांचे आटे उलटे असतात. केबल गंजून अडकत असेल तर तेल सोडून वेळ मारून नेऊ नका, नवी टाका. आणि हो, ड्रममधली धूळ तोंडाने किंवा हवेने उडवू नका. ती छातीत जाते. ओल्या फडक्याने पुसा.

ज्यांच्या कारला मागे डिस्क आहे आणि कॅलिपर नवा टाकलाय, त्यांनीही हाच क्रम धरावा. आधी हवा काढून पेडल कडक करा, मग हँडब्रेक बऱ्याच वेळा ओढून सोडा. सोडल्यावर कॅलिपरवरचा लिव्हर पूर्ण मागे टेकतो का बघा. टेकत नसेल तर केबल जास्त आवळलेली आहे.

रिकाम्या गाडीवर घेतलेली चाचणी खरी धरू नका. माल भरून, मागे-पुढे कोणी नसताना, चालक सीटवर असताना हलक्या उतारावर बघा. नवे लायनर ड्रमला पूर्ण बसायला थोडे दिवस जातात, म्हणून आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा तपासा.

केंद्राच्या गेटजवळ लाकडी ठोकळ्यांची पेटी ठेवली आहे. उद्यापासून उतारावर लागणाऱ्या प्रत्येक गाडीने गिअर टाकून दोन्ही मागच्या चाकांना ठोकळे लावायचे, मगच फळका उघडायचा. ठोकळे परत पेटीत ठेवा, घरी नेऊ नका.