गळ्यातलं कार्ड आणि आजीचा जन्म

होस्टेलचं गेट बंद व्हायला पाच मिनिटं उरलेली असताना वॉचमन काका "कार्ड दाखवा" म्हणतात, तेव्हा आपण किती वैतागतो! रोज बघतात, तरी कार्ड हवंच. मीसुद्धा वैतागायचे. पण या लेखासाठी वाचताना एक गोष्ट कळली आणि गप्पच झाले. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री जे दहा अतिरेकी मुंबईत उतरले, ज्यांनी १६६ जणांचे जीव घेतले, त्यांच्याकडे कॉलेजची बनावट ओळखपत्रं सापडली होती. फोटो त्यांचेच, नावं-पत्ते खोटे. म्हणजे आपल्या गळ्यात लटकतं ना, तसंच कार्ड!

(माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला.)

मग प्रश्न पडतो, की पक्कं कार्ड असेल तर अतिरेकी अडेल का? याचं उत्तर तीन भागांत शोधू या.

१) हा माणूस तोच आहे का?
हे काम यंत्राला जमतं. आधारच्या १२ अंकांपैकी शेवटचा अंक हा तपासणी-अंक असतो, व्हेरहॉफ पद्धतीने काढलेला. एक आकडा चुकीचा टाइप झाला तर लगेच पकडला जातो. बोटांचे ठसे आणि डोळ्यांची बुबुळं त्याच्यापुढची पायरी. २६/११ नंतर किनाऱ्यावरच्या कोळीबांधवांना बायोमेट्रिक कार्डं देण्याची योजना आली ती यासाठीच, कारण अतिरेकी 'कुबेर' ही आपलीच मासेमारी बोट बळकावून आले होते.

२) हा या देशाचा आहे का?
इथे आपली सगळ्यांची गफलत होते. आधार कायदा २०१६, कलम ९ स्पष्ट सांगतं की आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. आधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेल्या परदेशी माणसालाही आधार मिळू शकतं. अमेरिकेने २००५ मध्ये 'रिअल आयडी' कायदा केला आणि विमानतळावर त्याची सक्ती ७ मे २०२५ पासून सुरू झाली. तिथे तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांचं लायसन्स राहण्याची परवानगी संपते त्याच दिवशी संपतं. आपले सीनियर्स तिकडे गेले की त्यांना हे पहिल्याच महिन्यात कळतं!

३) याच्या मनात काय आहे?
हे कुठलंच कार्ड सांगत नाही. ११ सप्टेंबर २००१ च्या १९ विमान अपहरणकर्त्यांपैकी १८ जणांकडे अमेरिकेतली ओळखपत्रं होती, त्यांतली काही फसवून मिळवलेली. ७ जुलै २००५ ला लंडनमध्ये स्फोट घडवणारे चौघे तर ब्रिटनमध्येच वाढलेले. तिथे कार्डाने काय केलं असतं?

आता आपल्या वऱ्हाडात येऊ. जानेवारी २०२५ मध्ये आरोप झाला की बांगलादेशी घुसखोरांनी उशिराच्या जन्मनोंदणीचे दाखले मिळवले. मालेगावसोबत अकोला, अमरावती जिल्ह्यांची, आमच्याकडच्या अंजनगाव सुर्जीची नावं पेपरात आली. सरकारने विशेष तपास पथक नेमलं, असे दाखले देणं थांबवलं आणि मार्चमध्ये नियम कडक केले. मला वाटलं, बरं झालं. दाखला खोटा असेल तर त्यावर उभं राहिलेलं पुढचं प्रत्येक कार्ड खोटंच. पायाच कच्चा असेल तर वरचा स्लॅब कितीही भारी घाला!

पण त्याच रांगेत माझी आजी निघाली.

आजी गुरुकुंज मोझरीला राहते. तिच्या आधारवर जन्मतारीख १ जानेवारी, आणि वय खऱ्यापेक्षा पाचेक वर्षांनी कमी. पंचाहत्तरी पार केलेल्यांना एसटीचा प्रवास फुकट आहे, पण कागदावर ती पंचाहत्तरची नाही. तारीख दुरुस्त करायला दाखला हवा. जन्म घरी झाला, नोंद नाही, शाळा नाही. बाबांनी अर्ज केला, तो अडकला. चौथ्या खेपेला पुरावा काय म्हणून विचारलं, तर आजी म्हणाली, "पोळ्याच्या करीले जलमली मी, सन-बिन कोणाले मालूम? माय सांगे थे मी सांगतो." टेबलामागचे साहेब हसले. आजी हसली नाही. घरी आल्यावर मला म्हणाली, "कावं पोरी, मी इथलीच हाव ना?"

मला काही बोलताच आलं नाही.

जरा गणित करू. समजा १०,००० अर्ज आले, त्यांत १० बनावट आहेत आणि आपली तपासणी ९९ टक्के अचूक आहे. म्हणजे बनावट दहाही बहुधा सापडतील. पण खऱ्या ९,९९० मधले एक टक्का, म्हणजे जवळजवळ १०० जण, विनाकारण संशयात येतील. संशयित ११०, त्यांत गुन्हेगार १०! तपासणी वाईट नाही, पण जिथे चोर थोडे आणि साव पुष्कळ, तिथे असंच होतं.

म्हणून मला वाटतं, तपासणी हवीच. पण दाखला विकणारा आणि दलाल यांच्यावर आधी हात पडावा. अर्ज नाकारला तर कारण लेखी मिळावं आणि दाद मागायला जागा असावी. आणि म्हाताऱ्या माणसांसाठी गावात जाऊन चौकशी व्हावी. राष्ट्रसंतांच्या पुण्यतिथीला मोझरीत लाखो लोक येतात. तिथे आजी कित्येक वर्षं स्वयंपाकाच्या सेवेत आहे. तिला ओळखणारी शंभर माणसं एका तासात उभी राहतील. त्यांना कोणी विचारलंच नाही.

मित्रांनो, दिवाळीच्या सुटीत घरी जाल तेव्हा आजी-आजोबांचे कागद एकदा नजरेखालून घाला. नाव, जन्मतारीख सगळीकडे सारखी आहे का बघा. आत्ता एक दिवस जाईल, पण नंतरच्या खेपा वाचतील.

वॉचमन काकांना मी आता न सांगताच कार्ड दाखवते. आजीचा अर्ज अजून तिथेच आहे. ती मोझरीहून अमरावतीला येते तेव्हा अर्धं तिकीट काढते आणि ते जपून बटव्यात ठेवते. म्हणते, "असू दे, कागद हाये."