गाडी लांबच उभी करा

आफ्रिकेच्या सफारीला निघालेले सोलापूरकर हल्ली वरचेवर भेटतात. केनियातलं मसाई मारा, टांझानियातलं सेरेंगेटी, जोडीला न्गोरोंगोरोचं विवर. आठ-दहा दिवसांच्या या प्रवासासाठी माणसं वर्षानुवर्षांची शिल्लक मोडतात. मी तिकडे जाऊन आलोय आणि इथला माळही बरीच वर्षं हिंडतोय, म्हणून काही जण सल्ला विचारायला येतात. कॅमेरा कोणता घेऊ, गरम कपडे लागतील का, खायला काय नेऊ, असे त्यांचे प्रश्न असतात. माझं पहिलं उत्तर ठरलेलं आहे. विमानात बसण्याआधी तीन-चार पहाटा नान्नजच्या माळावर काढा.

नान्नज म्हणजे सोलापूरहून बार्शीच्या रस्त्याने वीसेक किलोमीटर. सत्तरच्या दशकात दुष्काळी कामांच्या ओघात इथल्या पडीक माळाचे काही तुकडे चराई थांबवून राखले गेले आणि गवत उभं राहिलं. त्याच सुमारास सोलापूरच्या बी. एस. कुलकर्णी यांनी इथल्या माळढोक पक्ष्यांकडे अभ्यासकांचं आणि सरकारचं लक्ष वेधलं. १९७९ साली अभयारण्य जाहीर झालं, तेही सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं. गावं, शेतं, रस्ते, सगळं त्या रेघेच्या आत. लोकांची घरबांधणी आणि जमिनीचे व्यवहार अडले, पक्ष्यावरच राग निघू लागला आणि पुढे क्षेत्रात मोठी काटछाट झाली. सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान १४,७६३ चौरस किलोमीटरचं आहे आणि तिथे आत शेती नाही. दोन्हींतला हा फरक ध्यानात असू द्या. नान्नजला तुम्ही जनावरांच्या आणि माणसांच्याही दारात उभे असता.

माळढोक दिसेल या आशेने मात्र येऊ नका. ऐंशीच्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या असद रहमानींनी ज्यांचा अभ्यास केला ते थवे आता नाहीत. हल्ली एखादी मादी दिसली तरी वर्तमानपत्रात बातमी येते. सगळ्या देशात मिळून दीडशेच्या आत पक्षी उरले असावेत, आणि तेही मुख्यतः जैसलमेरच्या बाजूला. मादी बहुधा वर्षाला एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. या जड पक्ष्याला समोरचं नीट दिसत नाही, त्यामुळे उडताना तो विजेच्या तारांवर आदळतो. हे लिहिताना आजही जीव कासावीस होतो. गंमत अशी की सेरेंगेटीत त्याचाच जवळचा भाऊबंद, कोरी बस्टर्ड, गवतातून रुबाबात चालताना सहज दिसतो आणि सिंहाच्या मागे धावणारी गाडी त्याच्याजवळ क्षणभरही थांबत नाही. सोलापूरच्या माणसाने तरी तिथे ड्रायव्हरला थांबायला सांगावं.

मग नान्नजला काय बघायचं? काळविटांचे कळप आहेत, खोकड आहे, लांडगा आहे. हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे भोवते हे शिकारी पक्षी गवताच्या अगदी जवळून तरंगत टोळ टिपतात. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे अंतर राखायची सवय तिथे लागते. ताडोबात वाघ बांबूच्या बेटात शिरला की सुटतो. माळावर लपायला जागा नाही. काळविटाला दुरून दिसणं आणि वेळेवर पळता येणं, एवढाच त्याचा बचाव. तुमच्या आणि त्याच्या मधली मोकळी जमीन हाच त्याचा आडोसा आहे, आणि गाडी पुढे सरकली की आपण तो काढून घेतो.

याचा परिणाम मी डोळ्यांनी पाहिलाय. एका हिवाळ्यात ओढ्याच्या काठी लांडग्याच्या मादीने बिळात पिल्लं घातली होती. आसपासच्या मेंढपाळांना ते माहीत होतं आणि ते वाट वाकडी करून जात. बाहेरगावच्या कुणीतरी पिल्लांचा फोटो जागेच्या खुणेसकट मोबाइलवर टाकला. त्या रविवारी रस्ता सोडून गाड्या गवतात घुसल्या. काही माणसं उतरून पार बिळाच्या तोंडाशी गेली, एकाने तर वरून ड्रोन फिरवला. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा बीळ ओस पडलं होतं. असा त्रास झाला की लांडगी पिल्लांना एकेक करून तोंडात धरून दुसरीकडे हलवते. पण आपल्याकडे दुसरीकडे म्हणजे कुठे? उसाच्या फडात, वस्तीच्या कुत्र्यांजवळ. तिथे कुत्र्यांचे रोग पिल्लांना लागतात, आणि मेंढरू गेलं की धनगरही गप्प बसत नाही. त्या पिल्लांचं पुढे काय झालं ते कुणालाच कळलं नाही. फोटो मात्र बराच काळ फिरत होता.

माराला गेलो तेव्हा हेच पुन्हा दिसलं, फक्त गाड्या जास्त होत्या. एक चित्तीण आणि तिचे बछडे. वायरलेसवर खबर गेली आणि बघता बघता चहूबाजूंनी गाड्या उभ्या राहिल्या. समोर हरणांचा कळप होता, चित्तीण दबा धरून होती, आणि आमच्या गाडीतून मराठीत नि हिंदीत एकच घोषा चालला होता, "और आगे लो, भैया, और आगे." ड्रायव्हरला चांगल्या बक्षिसीचं आमिषही दाखवून झालं. हरणं उधळली आणि चित्तीण उठून बछड्यांसह निघून गेली. माराच्या नियमाप्रमाणे एका जनावराजवळ एका वेळी पाचच गाड्या असाव्यात आणि किमान २५ मीटर अंतर ठेवावं. असा नियम का लागतो, ते २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसतं. पर्यटकांची फार गर्दी असलेल्या भागात चित्तिणी सरासरी ०.२ पिल्लं वाढवून मोठी करू शकत होत्या, तर कमी गर्दीच्या भागात २.३. चित्तीण उपाशी राहिली की त्या दिवशी पिल्लंही उपाशी राहतात.

म्हणून पहिल्याच सकाळी, गाडी सुरू व्हायच्या आधी, ड्रायव्हरशी बोला. आम्हाला जवळ जायचं नाही, रस्ता सोडायचा नाही, गर्दी असेल तिथून गाडी वळवली तरी चालेल, हे स्पष्ट सांगा. बक्षिसी शेवटच्या दिवशी द्या आणि ती सिंह दिसण्यावर ठरवू नका. आपण मागितलं नाही तर बिचारा कशाला नियम मोडेल? दंड झाला तर त्याला होतो, परवान्यावर गदा त्याच्या येते, आपण विमानाने घरी येतो. हे सांगणारे सोबती मिळावेत म्हणून शक्यतो ओळखीची माणसं घेऊन एक गाडी पूर्ण आपली करा. पाच दिवसांत चार उद्यानांचा कार्यक्रम असेल तर तो नाकारा. त्यात निम्मा वेळ रस्त्यावर जातो आणि मग दिसेल त्या जनावरावर माणूस तुटून पडतो. एकाच ठिकाणी तीन-चार मुक्काम केले की घाई आपोआप उतरते. दुर्बीण मात्र प्रत्येकाची स्वतंत्र हवी. घरात एकच असेल तर कॅमेऱ्यावरचा खर्च कमी करून दुसरी घ्या.

नान्नजला येणार असाल तर वन विभागाची परवानगी आधी काढा आणि गावातला माणूस वाटाड्या म्हणून घेऊन त्याला योग्य पैसे द्या. मातकट रंगाचे कपडे घाला, मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज लावू नका, फोटोसोबत जागा टाकू नका. गवतात एकटं निपचित बसलेलं पाडस दिसलं तर उचलू नका. ते हरवलेलं नसतं, आई चरायला गेलेली असते आणि तुम्ही निघून गेल्याशिवाय ती परत येणार नाही. कुसळं मोज्यांतून आरपार जातात, तेव्हा बूट उंच हवेत. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. नंतर सोलापूरचं ऊन माणसाला आणि जनावराला सारखंच भाजतं. उन्हाच्या दिवसांत पाणवठ्याजवळ तर मुळीच थांबू नका, तुमच्यामुळे कळप तहानलेला परत फिरेल.

आफ्रिकेच्या तयारीतली एक गोष्ट लोक शेवटपर्यंत लांबवतात, ती म्हणजे पीतज्वराची लस. ती सरकारमान्य केंद्रातच मिळते, कुठल्याही दवाखान्यात नाही, आणि तिचं प्रमाणपत्र टोचल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं. ते नसेल तर परतताना भारतातल्या विमानतळावरच तुम्हाला विलगीकरणात ठेवू शकतात. एकदा घेतलेली लस आता आयुष्यभर ग्राह्य धरतात, तेव्हा प्रमाणपत्राचं पिवळं पुस्तक पासपोर्टजवळच ठेवा. हिवतापाच्या गोळ्यांसाठी आपल्या डॉक्टरांना विचारा. प्लास्टिकच्या पिशव्यांना केनियात २०१७ पासून आणि टांझानियात २०१९ पासून बंदी आहे. चटणी-भाकरी बांधून नेणाऱ्यांनी ती कापडात किंवा डब्यात न्यावी. उद्यानात उतरणाऱ्या छोट्या विमानांत बहुधा १५ किलोच सामान चालतं आणि तेही मऊ पिशवीत, म्हणून कडक सुटकेस घरीच ठेवा.