पाठ : एका फोनवर लावलेला रिमाइंडर दुसऱ्या फोनवर का येत नाही?



इंदूर, बडोदा, बेळगाव, ग्वाल्हेर, सगळीकडच्या कुटुंब-गटांतून आमच्याकडे एकच प्रश्न फिरून फिरून येतो. "मी माझ्या फोनवर रिमाइंडर लावला, ह्यांच्या फोनवर आलाच नाही." नाहीतर, "नवीन फोन घेतला आणि जुन्यातली सगळी यादी गायब!" म्हणून या वेळचा पाठ त्यावरच घेतो आहोत. वाचताना फोन हाताशी ठेवा, म्हणजे वाचत वाचत बघता येईल.

आधी शब्द समजून घेऊ. सिंक म्हणजे एका ठिकाणी केलेला बदल बाकीच्या ठिकाणीही आपोआप पोचणं. (स्वयंपाकघरातल्या सिंकशी संबंध नाही, पण तुंबतात दोन्ही.) आपल्याला वाटतं, रिमाइंडर एका फोनमधून थेट दुसऱ्या फोनमध्ये जातो. तसं नसतं. तो आधी इंटरनेटवरच्या आपल्या खात्यात जातो आणि तिथून बाकीच्या फोनवर उतरतो. गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. खातं म्हणजे टाकी, फोन म्हणजे नळ. दोन्ही नळ एकाच टाकीला जोडलेले असतील तरच एकच पाणी दोन्हीकडे येणार.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. घड्याळाच्या अॅपमध्ये लावलेला गजर या टाकीत जातच नाही. तो त्या एकाच फोनचा असतो. पहाटे पाचचा गजर तुमच्या फोनवर आहे म्हणून तो सूनबाईंच्या फोनवर वाजणार नाही, आणि तो बिघाडही नव्हे. सगळ्यांकडे वाजायला हवा असेल तर गजर नको, रिमाइंडर लावा.

आता बिघाड शोधायचा कसा? सेटिंग्जमध्ये इकडे तिकडे बोटं घालण्याआधी एक छोटी परीक्षा करा. पहिल्या फोनवर "चाचणी" नावाचं एक काम लिहा, त्याला आजची तारीख आणि अर्ध्या तासानंतरची वेळ द्या. मग घरातल्या कॉम्प्युटरवर किंवा मुलांच्या लॅपटॉपवर त्याच खात्याने गूगल कॅलेंडर उघडा. डावीकडच्या यादीत टास्क्ससमोर टिक आहे ना, तेवढं पाहा. अॅपलचा फोन असेल तर आयक्लाउडच्या वेबसाइटवर रिमाइंडर्स उघडा. आपण इथे थेट टाकीत डोकावून बघतो आहोत. "चाचणी" तिथे दिसली तर पहिला फोन ठीक आहे, दोष दुसऱ्या फोनमध्ये. दिसलीच नाही तर दुसऱ्या फोनला हातही लावू नका, दोष पहिल्याच फोनमध्ये आहे. ही परीक्षा न करता लोक दोन्ही फोनच्या सेटिंग्ज बदलत बसतात आणि मग नक्की काय बिघडलं होतं हे कुणालाच कळत नाही.

टाकीत पाणी पोचलंच नाही, असं दिसलं तर सगळ्यात आधी खातं तपासा. आमच्याकडे आलेल्या तक्रारींपैकी बऱ्याच इथेच सुटल्या. होतं काय, की नवीन फोन घेताना दुकानदार विचारतो, "काकू, जीमेलचा पासवर्ड?" आपल्याला आठवत नाही. तो म्हणतो, "राहू द्या, नवीन बनवतो," आणि दोन मिनिटांत नवा ईमेल पत्ता तयार. जुनी यादी जुन्या खात्यात सुखरूप असते, पण नवा फोन नव्या टाकीला जोडलेला. किंवा एकाच फोनमध्ये दोन खाती असतात, एक आपलं आणि एक मुलाने कधीतरी घातलेलं. अॅपच्या वरच्या कोपऱ्यात जो गोल फोटो किंवा अक्षर दिसतं, त्यावर बोट ठेवलं की कोणतं खातं चालू आहे ते कळतं. दोन्ही फोन शेजारी ठेवून ईमेल पत्ता अक्षर-अक्षर जुळवा. नावात एखादा आकडा वेगळा असला तरी ते वेगळं खातं.

बोलून लावलेल्या रिमाइंडरचंही असंच. २०२३पासून असिस्टंटला सांगितलेले रिमाइंडर गूगल टास्क्समध्ये जातात, आणि असिस्टंट ज्या खात्यात असेल त्याच खात्यात जातात. आपण शोधतो दुसरीकडे.

अॅपलवाल्यांसाठी वेगळी जागा आहे. सेटिंग्जमध्ये सगळ्यात वर आपलं नाव असतं, त्यावर बोट ठेवून आयक्लाउडमध्ये जा आणि रिमाइंडर्सचं बटण चालू आहे का पाहा. रिमाइंडर्स अॅपमध्ये एखादी यादी "ऑन माय आयफोन" या मथळ्याखाली दिसत असेल, तर ती फक्त त्या फोनपुरती आहे. ती बाहेर जाणार नाही.

टाकीत आहे, पण दुसऱ्या फोनवर उतरत नाही? मग नळाकडे वळा. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये अकाउंट्स उघडा, आपलं खातं निवडा आणि कॅलेंडर, टास्क्स यांचं सिंक चालू करा. नेट चालू आहे ना, तेही बघा. हसू नका, हैदराबादच्या एका ताईंचा दीड तास यातच गेला होता. मग बॅटरी सेव्हर आणि डेटा सेव्हर बंद करून पाहा. बॅटरी वाचवण्याच्या नादात फोन मागे चाललेल्या अॅपना झोपवून टाकतो, आणि झोपलेलं अॅप टाकीकडे जाणार कधी? काही कंपन्यांच्या फोनमध्ये "ऑटोस्टार्ट" नावाचं वेगळं बटण असतं, तेही त्या अॅपसाठी चालू करावं लागतं. आणि दर संध्याकाळी "फोर्स स्टॉप" करून फोन "हलका" करायची सवय काही मंडळींना लागली आहे, ती कृपया सोडा. तसं बंद केलेलं अॅप आपण पुन्हा उघडेपर्यंत गप्पच बसतं.

तिसरा प्रकार असा, की रिमाइंडर दुसऱ्या फोनवर दिसतो, पण घंटा वाजत नाही. हा सिंकचा दोष नाही. नोटिफिकेशनला परवानगी आहे का पाहा. अँड्रॉइड १३पासून ही परवानगी प्रत्येक अॅपला वेगळी द्यावी लागते, आणि पहिल्यांदा विचारलं तेव्हा आपण घाईत "नको" म्हटलेलं असतं. मग "डू नॉट डिस्टर्ब". जपाला बसताना ते लावतो आणि उठल्यावर काढायचं राहून जातं. ज्यांनी पहाटे पाच ते सात असं वेळापत्रकच लावून ठेवलं आहे, त्यांच्या साडेसहाच्या गोळीचा रिमाइंडर मुकाट्याने येऊन जाणार. कामाला नुसती तारीख देऊ नका, वेळही द्या. फोनचं घड्याळ आपोआप वेळ घेण्यावर ठेवा.

गोळीचं नाव निघालंच आहे तर थोडं थांबून बोलतो, कारण हा पाठ लिहायचं खरं कारण तेच. एका घरी आजोबांची रक्तदाबाची गोळी यादीत लिहिलेली होती आणि तीच यादी सासूबाई आणि सूनबाई दोघींच्या फोनवर. सकाळी सासूबाईंनी गोळी दिली आणि टिक केली. त्यांच्या फोनचं नेट बंद होतं, त्यामुळे टिक टाकीपर्यंत गेलीच नाही. सूनबाईंच्या फोनवर काम बाकीच दिसत होतं. त्या पाण्याचा पेला आणि गोळी घेऊन गेल्या. आजोबा म्हणाले, "अगं, घेतली की मघाशी," म्हणून निभावलं. पण ज्यांना आठवत नाही, त्या आजी-आजोबांचं काय? रिमाइंडर आला नाही तर निदान कुणीतरी विचारतं. टिक पोचली नाही तर मात्र दुसरी गोळी पोटात जाऊ शकते. म्हणून औषधांसाठी फोनवरच्या टिकेवर विसंबू नका. वारांचे कप्पे असलेली गोळ्यांची डबी औषधांच्या दुकानात मिळते, ती आणा. कप्पा रिकामा म्हणजे गोळी घेतली. फोनने फक्त आठवण करावी, हिशोब डबीने ठेवावा. आणि चुकून दोनदा गोळी गेलीच, तर गटात विचारत बसू नका, लगेच डॉक्टरांना फोन करा.

दोन माणसांची दोन वेगळी खाती असतील तर काय करायचं, हेही बरेच जण विचारतात. गूगल टास्क्समधली आपली यादी घरगुती खात्यावरून दुसऱ्याला वाटून देता येत नाही, त्यामुळे कितीही सेटिंग्ज केल्या तरी ती यजमानांच्या खात्यात दिसणार नाही. त्यासाठी गूगल कॅलेंडरमध्ये घरासाठी एक वेगळं कॅलेंडर करा आणि सगळ्यांच्या ईमेलवर शेअर करा. हे कॉम्प्युटरवरून केलेलं बरं. बदल करण्याची परवानगी द्यायला विसरू नका, नाहीतर त्यांना नुसतं बघता येईल. घंटा मात्र ज्याची त्याने आपापल्या फोनवर लावायची. तुम्ही दहा मिनिटं आधीची लावली म्हणून ती त्यांच्याकडे आपोआप लागत नाही. सगळ्यांकडे आयफोन असतील तर काम सोपं, रिमाइंडर्समधली यादीच शेअर करता येते.

मुलं परदेशात असतील तर वेळेकडे लक्ष असू द्या. इथे संध्याकाळी सातची प्रार्थना कॅलेंडरमध्ये टाकली तर न्यू जर्सीतल्या मुलीला ती उन्हाळ्यात सकाळी साडेनऊला आणि हिवाळ्यात साडेआठला दिसेल. ते बरोबरच आहे. तिकडे वर्षातून दोनदा घड्याळ बदलतात, आपल्याकडे नाही.

एक सावधगिरी. "अॅप काढून पुन्हा टाका," "क्लिअर डेटा करा," "खातं काढून परत जोडा" असे सल्ले लगेच मिळतात. ते कधी कधी लागूही पडतात. पण टाकीत न पोचलेली कामं त्यात कायमची जातात. आधी यादीचा स्क्रीनशॉट काढा किंवा सरळ वहीत उतरवून घ्या, मगच पुढचं. "क्लिअर कॅश" केल्याने यादी जात नाही, ते बेलाशक करा.

एवढं करूनही अडलं तर आपल्या गटाच्या सेविका ताईंना फोन करा. करण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहून ठेवा : दोन्ही फोन कोणते, अॅपचं नाव काय, आणि "चाचणी" कॉम्प्युटरवर दिसली की नाही. पासवर्ड आणि ओटीपी आम्हालाही सांगू नका. आम्ही ते विचारत नाही, आणि आमचं नाव सांगून कुणी विचारलंच तर फोन ठेवून द्या.