न दिसणारा सोबती : पुराव्याचा एक पाठ

आकाशदर्शनाच्या वर्गात एका विद्यार्थिनीने मला विचारले होते, "सर, जो तारा दुर्बिणीतूनही वेगळा दिसत नाही, तो आहे असे मानायचे कशावरून? मग भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांत आणि आपल्यात फरक काय राहिला?" प्रश्न ताऱ्यांविषयी असला, तरी मूळचा तो पुराव्याचा होता. इतिहासाचा शिक्षक या नात्याने मला तो टाळता येणार नव्हता.

उन्हाळ्याच्या रात्री धर्मापुरीच्या दक्षिण आकाशात वृश्चिक रास स्पष्ट दिसते. तिच्या वरच्या बाजूस भुजंगधारी तारकासमूह आहे. त्यात 'आरएस ऑफियुकी' नावाची ताऱ्यांची जोडी आहे. त्यांपैकी एक तांबडा राक्षसी तारा, म्हणजे उतारवयात प्रचंड फुगलेला. दुसरा श्वेत बटू. आकाराने साधारण पृथ्वीएवढा, परंतु वस्तुमानाने सूर्याहूनही जड. राक्षसाच्या झगमगाटात हा बटू लपून जातो.

त्याचा पहिला पुरावा राक्षसी ताऱ्याच्या प्रकाशातच सापडतो. परळीच्या स्थानकावर जवळ येणाऱ्या इंजिनाची शिट्टी चढी वाटते, दूर जाताना ती उतरते. त्याचप्रमाणे तारा आपल्याकडे येताना त्याच्या वर्णपटातील रेषा निळ्या टोकाकडे व दूर जाताना तांबड्या टोकाकडे सरकतात. या ताऱ्याच्या रेषा सुमारे ४५५ दिवसांच्या आवर्तनाने मागेपुढे होतात. सोबत्याच्या ओढीशिवाय हे घडणार नाही.

दुसरा पुरावा स्फोटांचा. राक्षसी ताऱ्याचा वायू बटूवर साचत जातो आणि साठा पुरेसा झाला की अणुकेंद्रीय स्फोट होतो. १८९८, १९३३, १९५८, १९६७, १९८५, २००६ आणि २०२१ या वर्षी असे स्फोट नोंदले गेले. त्या वेळी एरवी न दिसणारी ही जोडी नुसत्या डोळ्यांनीही दिसू शकते.

तिसरा पुरावा आपल्या महाराष्ट्रातून मिळाला. जुन्नर तालुक्यातील खोडद येथे, गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण उभी राहिली. २००६ च्या स्फोटानंतर निमिषा कंथारिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्या साहाय्याने या जोडीचा वेध घेतला. स्फोटाच्या विसाव्या दिवशी ६१० मेगाहर्ट्झवर आणि अडतिसाव्या दिवशी ३२५ मेगाहर्ट्झवर रेडिओलहरी मिळाल्या. १९८५ साली मात्र ३२७ मेगाहर्ट्झवर सहासष्टाव्या दिवशीही काहीच मिळाले नव्हते. यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की राक्षसी ताऱ्याभोवतीचा वायू २००६ मध्ये १९८५ च्या तुलनेत सुमारे ३० टक्केच दाट होता. म्हणजे लहानग्या सोबत्याच्या स्फोटाने मोठ्याच्या भोवतालाचीही साक्ष दिली.

इतिहासातही असेच घडते. शिलालेखांतील 'देवानंपिय' म्हणजे कोण, याचा उलगडा १९१५ मध्ये मस्की येथील लेखात 'अशोक' हे नाव सापडल्यावर निश्चित झाला. मस्की तेव्हा, आपल्या बीडप्रमाणेच, निजामाच्या राज्यात होते. सम्राटाला आपण पाहिलेले नाही. त्याने मागे ठेवलेल्या खुणा वाचल्या आहेत.

त्या मुलीला मी एवढेच सांगितले : भूत सांगणारा आपले म्हणणे कशाने खोटे ठरेल, हे कधीच सांगत नाही. खगोलशास्त्रज्ञ ते आधीच सांगतो. वर्णपटातील रेषा सरकल्या नसत्या, तर या सोबत्याचे अनुमान सोडून द्यावे लागले असते. न दिसणारे मानण्यात दोष नाही; न तपासता मानण्यात आहे. आपल्या मुलामुलींनी घरी "कशावरून?" असे विचारले, तर पालकांनी त्यांना गप्प करू नये. ताऱ्यांचा अभ्यास तिथूनच सुरू होतो.