आधी पत्रा, मग रंग: जुन्या मोटारीचा तंजावूरमधला हिशेब

तंजावूरच्या राजवाड्याभोवतीच्या राजवीथींमध्ये जुन्या घरांच्या मागच्या आवारात कधी एखादी अँबॅसडर, कधी प्रीमियर पद्मिनी ताडपत्रीखाली उभी दिसते. आजोबांनी घेतलेली, वडिलांनी चालवलेली. नातू सुटीवर येतो, ताडपत्री उचलतो आणि पहिला प्रश्न विचारतो, ‘रंगाला किती लागतील?’ इथेच हिशेब चुकायला सुरुवात होते. रंग हा यातला शेवटचा खर्च आहे. त्याच्या आधीच्या खर्चात काटकसर केली, तर सहा महिन्यांत रंगाला फुगे येतात आणि तपासणीत गाडी नापास होते ती वेगळीच.

घरी बांधलेली गाडी रस्त्यावर येते का?

घरची गाडी दुरुस्त करण्याऐवजी जुनी चॅसिस, दुसरीकडचं इंजिन आणि फायबरची बॉडी जुळवून स्वतःची गाडी बांधायची हौस अनेकांना असते. ब्रिटनमध्ये अशा एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी करून तिला नंबर देण्याची सोय आहे. आपल्याकडे हौशी माणसासाठी तसा सोपा मार्ग नाही. रस्त्यावर विकायच्या मॉडेलला पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेची मान्यता लागते आणि ती प्रक्रिया कारखानदाराला झेपणारी आहे.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या सुट्या भागांपासून किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. खर्च सुमारे ६०,००० रुपये. डिसेंबर २०२१मध्ये महिंद्र समूहाचे आनंद महिंद्र यांनी तिचं कौतुक केलं आणि ही गाडी नियमांत बसत नाही हेही सांगितलं. बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२मध्ये लोहारांना ती मिळाली. त्यांची जीप महिंद्र कंपनीने तामिळनाडूतल्या आपल्या रिसर्च व्हॅलीतल्या संग्रहासाठी घेतली. कौतुक झालं, पण त्या जीपला रस्त्याचा परवाना काही मिळाला नाही.

मूळ गाडीत मनाजोगे फेरफार करण्यालाही मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ची आडकाठी आहे. विनापरवाना फेरफार केल्यास मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. हौस भागवायचा सरळ रस्ता एकच: नंबर असलेली जुनी गाडी मूळ रूपात उभी करणं.

कागद कोणते, शुल्क किती?

गाडीचं वय पाहून दोन वाटा फुटतात.

*रोजच्या वापरासाठी नूतनीकरण.* पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरसीचं नूतनीकरण करावं लागतं. १५ ते २० वर्षांच्या मोटारीला ५,००० रुपये आणि ऑगस्ट २०२५च्या दुरुस्तीनंतर २० वर्षांवरील मोटारीला १०,००० रुपये शुल्क आहे. तपासणीचं शुल्क आणि राज्याचा हरित कर वेगळा. मुदत उलटून गेली असेल तर दर महिन्याला ५०० रुपये जादा लागतात, म्हणून ताडपत्री उचलण्याआधी आरसीवरची तारीख वाचा. अर्ज नमुना २५मध्ये, मुदतीआधी ६० दिवसांपासून करता येतो. शुल्कं बदलत असतात, तेव्हा परिवहन पोर्टलवर दिसणारा आकडाच अंतिम धरा.

*व्हिंटेज नोंदणी.* गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि चॅसिस, बॉडी, इंजिन मूळचं असेल, तर २०२१च्या नियमांनुसार ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. पुढे पुनर्नोंदणीला ५,०००. ही गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला नेता येते, भाजी आणायला नाही.

थर्ड पार्टी विमा दोन्हीकडे हवाच. पद्मिनी १,०८९ सीसीची आणि जुनी पेट्रोल अँबॅसडर १,४८९ सीसीची. दोन्ही एकाच गटात येतात: हप्ता ३,४१६ रुपये, जीएसटी धरून सुमारे ४,०३१. व्हिंटेज नोंदणी असेल तर हप्त्यात निम्मी सूट. मालक-चालकाचा अपघात विमा वेगळा घ्यावा लागतो.

पट्टरैमध्ये जाण्याआधी

इथे गॅरेजला ‘पट्टरै’ म्हणतात आणि ठोकठाकीला ‘टिंकरिंग’. आपण ज्याला लांबी म्हणतो, ती इथे ‘पट्टी’. हे तीन शब्द ठाऊक असले की निम्मी बोलणी सोपी होतात.

घरातला एक छोटा चुंबक पातळ कापडात गुंडाळा आणि दारांच्या खालच्या कडेवरून, चाकांवरच्या कमानीवरून फिरवा. जिथे तो सुटून हातात येतो, तिथे खाली पत्रा नाही, जुनी लांबी आहे. मग चटई उचलून पायाखालचा पत्रा बोथट स्क्रूड्रायव्हरने दाबून पाहा. कुरकुर आवाज करत टोक आत गेलं, तर तो भाग कापून नवा पत्रा जोडावा लागेल. या अर्ध्या तासाच्या पाहणीवर अंदाजपत्रकातले वीस-तीस हजार इकडचे तिकडे होतात. पाहणी स्वतः करा आणि खराब जागांवर खडूने खुणा करून मगच दर विचारा.

रंगाची तयारी: क्रम मोडू नका

१. काचा, रबरी बीडिंग, दिवे, बंपर उतरवा. नुसती चिकटपट्टी लावून रंगवणं स्वस्त पडतं, पण बीडिंगखालचा गंज तसाच राहतो.

२. जुना रंग पत्र्यापर्यंत काढा. उघडा पत्रा रात्रभर ठेवू नका. कावेरीच्या खोऱ्यातल्या दमट हवेत सकाळपर्यंत त्यावर तांबूस छटा येते. त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारून घ्या.

३. आधी ठोकून पत्रा सरळ करा, लांबी फक्त उरलेल्या खोलीपुरती. थर तीन मिलिमीटरच्या वर गेला तर तडे जातात. पॉलिस्टर लांबी कोरडीच घासा. ती पाणी शोषते आणि ते पाणी पुढे रंगाखालून फुगे होऊन वर येतं. पाणी लावून घासायचं ते वरच्या प्रायमरवर, ४००पासून ८०० नंबरच्या वॉटर पेपरने.

४. प्रायमरच्या अवस्थेत थांबा. ब्रेक, वायरिंग, स्टीअरिंगचं सगळं काम याच टप्प्यावर उरका. नव्या रंगावर पाना घसरला की त्याचा ओरखडा फुकट मिळतो.

५. शेवटी रंग. एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग स्वस्त असतो आणि घासून चमकवता येतो; पीयू (पॉलियुरेथेन) महाग, पण उन्हात जास्त टिकतो. ऑक्टोबर ते डिसेंबर इथे ईशान्य मोसमी पावसाचे दिवस. तेव्हा रंगकाम काढू नका. एनसी रंग पांढुरका पडतो, पीयूला बुडबुडे येतात. पीयूचा हार्डनर फुफ्फुसाला घातक असतो, त्यामुळे दाटीच्या गल्लीत, शेजाऱ्याच्या खिडकीखाली फवारा मारू नका.

रंग आरसीवर लिहिलेलाच ठेवा. बदलायचा असेल तर आधी आरटीओत अर्ज करून आरसीवर नोंद करून घ्या. जीपवाल्यांनी विशेष ध्यानात ठेवावं: लष्करी ऑलिव्ह ग्रीन रंग खासगी गाडीला चालत नाही.

एकूण किती?

पद्मिनी किंवा अँबॅसडरच्या आकाराच्या, गंजलेल्या पण सांगाडा शाबूत असलेल्या गाडीसाठी तजवीज अशी धरा:

- रंग काढणं, टिंकरिंग, पत्राकाम: २०,००० ते ५०,०००
- प्रायमर, लांबी, पीयू रंग, मजुरीसह: ४०,००० ते ८०,०००
- बीडिंग, काचा, क्रोम: १०,००० ते २५,०००
- ब्रेक, टायर, बॅटरी, वायरिंग: ३०,००० ते ५०,०००
- नूतनीकरणाचं शुल्क, विमा, पीयूसी, वाहतूक: सुमारे २०,०००

म्हणजे एक लाख वीस हजार ते सव्वादोन लाख. पत्रा उघडल्यावर निघणाऱ्या दुखण्यांसाठी वर वीस टक्के बाजूला ठेवा.

तपासणीच्या दिवशी

तंजावूरची गाडी टीएन-४९ची. मुदत संपलेली गाडी स्वतः चालवत आरटीओपर्यंत नेऊ नका, रिकव्हरी व्हॅन करा. निरीक्षक रंगाची चमक पाहायला येत नाही. ब्रेक, हँडब्रेक, स्टीअरिंगची ढिलाई, दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, टायर आणि नंबरप्लेट हे तो पाहतो.

सगळ्यात आधी मात्र चॅसिस नंबर. कागद ठेवून वरून पेन्सिल घासली की आकडे उमटायला हवेत. रंगाऱ्याने त्या खोलगट अक्षरांत लांबी भरली, तर दोन लाखांची गाडी दारातून परत येते. प्रायमरआधी त्या जागेवर चिकटपट्टी लावा आणि नंतर तिथे पातळ हातच द्या. तंजावूरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर इथले मराठा राजे सरफोजी यांनी १८०३मध्ये कोरवलेला मराठी शिलालेख आजही वाचता येतो, तो कोणी त्यावर गिलावा केला नाही म्हणूनच.

पैसे देताना

अंदाजपत्रक लेखी घ्या. त्यात प्रायमर आणि रंगाचा प्रकार, हातांची संख्या आणि तारीख असू द्या. पैसे टप्प्याटप्प्याने द्या: उघडा पत्रा, प्रायमर, रंग. प्रत्येक टप्प्याचा फोटो स्वतः काढा आणि शेवटचा हप्ता तपासणी होईपर्यंत हातात ठेवा. पक्कं बिल मागा. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही, पण तिथे बिल आणि फोटो लागतात, तोंडी हिशेब चालत नाही.